फाटा ओलांडताना : पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी गावाने पाठपुरावा कसा करावा

विदर्भातील पुष्कळ गावे महामार्गाला लागून नसतात. ती किलोमीटर-दोन किलोमीटर आत असतात आणि त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध फाट्यावरूनच येतो. एसटीचा थांबा, काळीपिवळी, बँक, माध्यमिक शाळा, जिनिंग, आठवडी बाजार यांपैकी काही ना काही रस्त्याच्या पलीकडे असतेच. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की त्यावरच्या गाड्यांचा वेग वाढतो, पण तो ओलांडणारी माणसे तीच राहतात: मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीवर शाळेत जाणारी आठवी-नववीची मुलगी, डोक्यावर गाठोडे घेऊन वेचणीहून परतणारी मजूर बाई, पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन निघालेला शेतकरी, शेगावला पायी निघालेला भाविक. आमच्या फाट्यावर कापूस वेचून आलेल्या एका आजींनी मला सांगितले होते, ‘‘बापू, रोड तं झाला चांगला, पन आमाले इकून तिकडं जाता नाई येत.’’ या वाक्याचे सरकारी कार्यालयाला समजेल अशा कागदात रूपांतर कसे करायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कागदाचा आग्रह धरण्याचे कारण असे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर लांबीच्या तुकड्यावर गेल्या ३ कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे दगावली, तर तो तुकडा ‘अपघातप्रवण स्थळ’, म्हणजेच ब्लॅक स्पॉट ठरतो. ही व्याख्या मेलेल्यांची आणि गंभीर जखमींची गणना करते. दहा मिनिटे कडेला ताटकळणारी, अर्ध्यातून मागे फिरणारी किंवा भीतीपोटी मुलीची शाळाच बंद करणारी माणसे या गणनेत येत नाहीत. ती गणना गावाने स्वतः करायची आहे, आणि पाठपुराव्याची खरी सुरुवात तेथूनच होते. निवेदन त्याच्या नंतर.

रस्ता कोणाचा, हे आधी ठरवा

चुकीच्या कार्यालयात दिलेले निवेदन सहा महिने फिरत राहते आणि शेवटी ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ अशा एका ओळीने परत येते. मैलाच्या दगडाचा रंग ही पहिली खूण आहे: डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. मात्र अलीकडच्या वर्षांत अनेक राज्य रस्त्यांना राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला आणि काही ठिकाणी जुने दगड तसेच राहिले, म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यावी. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः याच विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो, तर कुठे बांधकाम विभागाच्याच राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे.

समृद्धी महामार्गाजवळच्या गावांची अडचण थोडी वेगळी आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर पायी जाणाऱ्यांना, सायकलींना आणि दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे मुख्य मार्गावर ओलांडण्याचा प्रश्न येत नाही. परंतु कारंजा किंवा धामणगावसारख्या ठिकाणी इंटरचेंजवरून, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागेवरून, उतरणारी वाहने ज्या साध्या रस्त्याला येऊन मिळतात, त्या रस्त्यावरून मात्र सायकली आणि बैलबंड्याच जात असतात. ताशी १२० किलोमीटरची सवय झालेल्या चालकाचा पाय पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये सैल होत नाही. येथे इंटरचेंज राज्य रस्ते विकास महामंडळाचा आणि जोडरस्ता दुसऱ्याच खात्याचा असल्याने दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी दोन स्वतंत्र निवेदने न देता एकाच निवेदनात दोन्ही कार्यालयांची ‘संयुक्त पाहणी’ मागावी आणि त्याची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना द्यावी.

रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असेल तर त्याचा फोटो घेऊन ठेवा. कामाचे नाव, कंत्राटदार आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, त्यावर लिहिलेली असते. तो कालावधी संपलेला नसेल, तर खचलेली कडा किंवा उखडलेले पट्टे दुरुस्त करण्यासाठी वेगळा निधी नाही, हे उत्तर टिकत नाही.

वहीतली मोजणी

मोजणीला लागते एक दोनशे पानी वही, दोन मोबाइल, एक मोजपट्टी आणि चार विश्वासू माणसे. आमच्या मोजणीची जागा फाट्यावरच्या पानठेल्याचा ओटा ही होती, कारण तिथे सावली असते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, या जुन्या पद्धतीने नोंद ठेवावी. शाळा भरण्यापूर्वीचा आणि सुटल्यानंतरचा दीड-दीड तास, बाजाराचा एक पूर्ण दिवस, आणि कापूस वेचणीच्या हंगामातली एक संध्याकाळ एवढ्या वेळा पुरेशा होतात. पायी जाणारी मुले, पायी जाणारी मोठी माणसे, सायकली, बंड्या आणि दुचाकी यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आणि रस्त्यावरून सरळ जाणाऱ्या ट्रक आणि हायवा डंपरांचे वेगळे. ‘थोडक्यात वाचले’ असा एक रकाना अवश्य ठेवावा, ज्यात वेळ आणि प्रसंग एका ओळीत लिहावा: ‘सायं. ५.४०, सायकलवरील मुलगी, ट्रक पाहून साइडपट्टीवर उतरली, चाक घसरले.’ हा रकाना भरताना कोणाचेही नाव लिहू नये.

वेग मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. डांबराबाहेर, मातीत, मोजपट्टीने बरोबर १०० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण करावी. वाहनाचे पुढचे चाक पहिल्या खुणेवर आले की एकाने हात वर करावा आणि दुसऱ्याने दुसऱ्या खुणेपाशी मोबाइलवर सेकंद मोजावेत. ३६० ला सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो: साडेचार सेकंद लागले तर ८०, सहा सेकंद लागले तर ६०. पन्नास वाहनांचा वेग लिहिला की पुरे. मात्र संथ वाहने गाळून फक्त वेगवान निवडण्याचा मोह टाळावा, कारण एक अतिशयोक्ती सापडली की पूर्ण वहीवरचा विश्वास जातो.

आता हे आकडे जोडून पाहा. दोनपदरी रस्ता पक्क्या साइडपट्ट्यांसह साधारण १० मीटर रुंद असतो. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे रस्ते अभियंते धरतात, म्हणजे त्याला आठ-साडेआठ सेकंद लागतील. डोक्यावर ओझे असलेली वृद्ध बाई सेकंदाला ०.८ मीटर चालते असे धरले तर तिला साडेबारा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ८० च्या वेगातील ट्रक सुमारे २७५ मीटर पुढे येतो. म्हणून ती जेथे उभी राहते तेथे तिच्याएवढ्या उंचीवर डोळा ठेवून दोन्ही बाजूंना २७५ मीटर दिसते की नाही, हे प्रत्यक्ष पायांनी मोजून पाहावे. आमच्याकडे एका बाजूला जेमतेम १४० मीटर दिसत होते. त्या बाजूला वळण नव्हते. कोपऱ्यावरच्या वावरात तूर होती आणि तिच्या ओळी थेट रस्त्याच्या नालीपर्यंत आल्या होत्या. नोव्हेंबरात तूर माणसाच्या खांद्याच्या वर जाते, आणि तिच्याआड उभी असलेली सायकल ट्रकचालकाला, किंवा ट्रक सायकलवाल्याला, दिसण्याचे काही कारण उरत नाही.

हे दुरुस्त करायला कोणत्याही कार्यालयाची गरज पडली नाही. शेतकऱ्याशी बोलणे झाले आणि पुढच्या हंगामात त्यांनी कोपऱ्याच्या तुकड्यात तुरीऐवजी सोयाबीन घेतले. मग मात्र त्यापलीकडच्या बाभळी आणि दोन जाहिरात फलक उघडे पडले, ज्यांचे काम खात्याचेच होते.

पोलिसांकडील नोंद

आपली वही तयार झाली की पोलिसांची नोंद मागावी. अपघातांची माहिती आता आय-रॅड या संगणक प्रणालीत भरली जाते, त्यामुळे ती ठिकाणानुसार निघू शकते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली पोलीस ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे रस्त्याच्या खर्चाचे प्रश्न त्यात घालू नयेत. ‘अमुक फाट्याच्या दोन्ही बाजूंस २५० मीटर अंतरात गेल्या ३ कॅलेंडर वर्षांत झालेल्या अपघातांची संख्या, तारीख, वेळ, मृत व गंभीर जखमींची संख्या आणि त्यांपैकी पादचारी व सायकलस्वार किती’, एवढे विचारणे पुरे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. मृतांची नावे मागू नयेत, आणि मिळाली तरी निवेदनात वापरू नयेत.

काय मागावे आणि काय मागू नये

जवळजवळ प्रत्येक गाव पहिली मागणी ‘ब्रेकर द्या’ ही करते आणि राष्ट्रीय महामार्गावर नेमकी हीच मागणी फेटाळली जाते. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकावेत असे केंद्रीय मंत्रालयाने २०१६ मध्येच कळवले आहे. नकार आला की गावात संताप होतो आणि कोणीतरी रात्रीतून मुरूम-दगडाचा आडवा बांध घालतो. असा बांध, ज्यावर ना रंग असतो ना पुढे फलक, अंधारात दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला खाली पाडतो. तो घालणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण मी त्याचे समर्थन करणार नाही.

गतिरोधक मागायचा तर गावाकडून महामार्गाला मिळणाऱ्या जोडरस्त्यावर, तोंडापाशी मागावा, म्हणजे आपली वाहने थांबून, पाहून वर चढतील. मुख्य रस्त्यावर रंबलर पट्ट्या (चालकाला सावध करणाऱ्या, गाडी खडखडवणाऱ्या बारीक आडव्या पट्ट्या), फाट्याच्या आधी सूचना फलक, वेगमर्यादेचा फलक, कडेचे पांढरे पट्टे आणि कॅट आय, म्हणजे रात्री गाडीच्या उजेडात चमकणारी रस्त्यावरची बटणे, मागावेत. रंबलर पट्ट्या डांबराच्या टोकापर्यंत न नेता कडेला सायकलपुरती मीटरभर जागा सोडावी, ही ओळ निवेदनात स्वतंत्रपणे लिहावी. नाहीतर सायकलस्वार त्या चुकवण्यासाठी रस्त्याच्या मध्याकडे सरकतात. रस्ता रुंद असेल तर मधोमध थांबण्यासाठी एक छोटे बेट मागावे, ज्यामुळे एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहून अर्धा रस्ता ओलांडता येतो. वेग कमी करण्याचा एकही उपाय न करता, आणि दिवा नसताना, नुसते झेब्रा पट्टे मागणे मला धोक्याचे वाटते. पट्टा आहे म्हणजे ट्रक थांबेल असे मूल समजते आणि ट्रक थांबत नाही.

सर्वांत आधी मागावी अशी, सर्वांत स्वस्त, पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे साइडपट्टी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराची कडा दर वर्षी मोकळी पडते. डांबर आणि माती यांच्यात चार-सहा इंचांची पायरी तयार होते. मागून हॉर्न आला की सायकलवरची मुलगी खाली उतरू पाहते, पुढचे चाक त्या पायरीला घासत जाते आणि ती रस्त्याच्याच बाजूला पडते. पट्टी ठेवून या पायरीची उंची मोजा, पट्टीसह फोटो काढा आणि मुरूम भरून दबाई करण्याची मागणी मे महिन्याच्या आतच करा, कारण विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि एकदा पाऊस लागला की मुरूम टाकणे आणि चिखल टाकणे यांत फरक राहत नाही.

चौपदरी महामार्गावर भुयारी मार्गाची मागणी होते. ती योग्य असली तरी मोठ्या खर्चाची आहे आणि तिला वर्षे लागतात. मागताना पाण्याचा निचरा आणि दिवे यांचा उल्लेख सोडू नये. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचणारा आणि संध्याकाळी अंधारा असणारा भुयारी मार्ग बायका वापरत नाहीत. त्या पुन्हा दुभाजकावरून चढून जातात आणि मग दोष त्यांच्यावरच येतो.

ग्रामसभा आणि निवेदन

वैयक्तिक अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला कार्यालयात वजन असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय प्रथम घ्यावा, कारण पायी ओलांडणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते आणि फाट्यावर कुठे, किती वाजता अंधार असतो हे त्या अचूक सांगतात. फाट्यावरची इतर गावे असतील तर त्यांचेही ठराव जोडावेत.

याच सभेत सर्वांत अवघड गोष्ट बोलावी लागते. दृष्टी अडवणारे ठेले, कोपऱ्यावर थांबणारी काळीपिवळी, महामार्गावरच उभे केलेले ट्रॅक्टर आणि दुभाजक फोडून आपणच पाडलेले छेद, हे सारे गावाचे आहे. ते तसेच ठेवून निवेदन दिले, तर पाहणीला आलेला अभियंता पहिले बोट त्यावरच ठेवतो आणि परत जातो. ठेलेवाल्यांना हटवा असा ठराव करणे सोपे आहे, पण त्यांचे पोट त्याच जागेवर चालते. म्हणून त्यांना बोलावून, कोपऱ्यापासून किती मीटर मागे सरकायचे आणि नवी जागा कोणती, हे त्यांच्यासमोर ठरवावे. आमच्याकडे या एका विषयावर तीन बैठका झाल्या आणि दोन जुने मित्र काही महिने बोलेनासे झाले. तरीही ठेले तीस-पस्तीस पावले मागे गेले, आणि ज्या ओट्यावर बसून आम्ही मोजणी केली होती तो ओटाही तोडावा लागला.

निवेदन एका पानाचे असावे. त्याचा गाभा साधारण असा लिहावा: ‘‘... फाटा, कि.मी. ४२/३०० येथे दि. ... रोजी सकाळी ९.३० ते ११.०० या वेळेत इतके पादचारी व इतके सायकलस्वार रस्ता ओलांडताना मोजले, त्यांपैकी इतके विद्यार्थी. मोजलेल्या ५० वाहनांपैकी इतक्यांचा वेग ताशी ६० किलोमीटरपेक्षा अधिक होता. पूर्वेकडील दृष्टी-अंतर १४० मीटर आहे. साइडपट्टी १२० मीटर लांबीत १५ सेंटिमीटरपर्यंत खचली आहे. कृपया ३० दिवसांत संयुक्त पाहणी करून पुढील कामांबाबत लेखी कळवावे.’’ यातील आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या वहीतलेच घालावेत. किलोमीटर दगडावरून काढलेला साखळी क्रमांक (वरच्या नमुन्यातला ४२/३००, म्हणजे ४२ किलोमीटर ३०० मीटर) मात्र विसरू नये, कारण अभियंत्याचे अंदाजपत्रक गावाच्या नावाने तयार होत नाही, साखळी क्रमांकाने होते. निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, ठेवून जा’ असे सांगितले तरी आवक-जावक लिपिक तेथेच असतो.

प्रत कोणाकोणाला द्यावी? कार्यकारी अभियंत्यांना मूळ, आणि प्रती ठाणेदार, तहसीलदार, आमदार व जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकारी हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात आणि तिच्या बैठकीला पोलीस, परिवहन आणि बांधकाम खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात. त्यामुळे ‘हा विषय समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा’ अशी स्वतंत्र ओळ प्रतीवर लिहावी. महिनाभरात हालचाल नसेल तर पहिल्या सोमवारच्या जिल्हा लोकशाही दिनात जावे. निधी नाही असे उत्तर मिळाले तर तेही लेखी घ्यावे, कारण ते उत्तर जोडूनच जिल्हा नियोजन समितीकडे किंवा आमदारांच्या स्थानिक विकास निधीकडे मागणी करता येते.

कायद्याचा आधार माहीत असावा, पण पहिल्याच पत्रात तो परजू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्याने मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला व कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एस. राजसीकरन या कोइम्बतूरच्या शल्यचिकित्सकांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचारी आणि विनामोटार वाहनांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्याचे राज्यांना आदेश दिले. दुसऱ्या निवेदनात, पहिल्याचा आवक क्रमांक देऊन झाल्यावर, यांचा उल्लेख दोन ओळींत करावा.

रास्ता रोकोविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. तो बहुधा मृत्यूनंतर होतो, त्यात तोंडी आश्वासन मिळते, आणि गुन्हे मात्र तरुणांवर लेखी दाखल होतात. झालाच तर उठण्यापूर्वी कामांची यादी, मुदत आणि अधिकाऱ्याची सही असलेला कागद घ्यावा.

काम झाल्यावर

कार्यालयाची वाट पाहत असताना सायकली, बंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागे लाल आणि पुढे पांढरे रेडियम लावून घ्यावे; खर्च थोडा येतो आणि वेचणीच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो. मात्र ‘गावाने रेडियम लावले आहे’ हे कार्यालयाच्या अहवालात केलेल्या उपाययोजनेत येऊ देऊ नये.

काम पूर्ण झाले की महिन्याभराने त्याच वेळी, त्याच खुणांवर, शक्यतो त्याच माणसांनी पुन्हा मोजणी करावी आणि दोन्ही मोजण्या शेजारी-शेजारी मांडून अभियंत्यांना पाठवाव्यात. वेग कमी झाला असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि आभार मानावेत, नसेल तर काय राहिले ते लिहावे. आमच्या फाट्यावर साइडपट्टी भरली, रंबलर पट्ट्या आल्या आणि फलक लागले. मधले बेट अजून झालेले नाही. पट्ट्यांवरचा पांढरा रंग पहिल्याच पावसाळ्यात फिका पडला, म्हणून दिवाळीनंतर, तूर उंच व्हायच्या सुमारास, वही घेऊन फाट्यावर एक फेरी मारायची असे आता ठरलेले आहे.